रेडिओ ट्रिगर, फ्लॅशचा
कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश बिनतारी संदेशाने पेटवणारे उपकरण. कॅमेऱ्याच्या हॉट शूवर प्रेषक बसवतात. ग्राहक फ्लॅशला जोडलेला किंवा त्यातच अंगभूत असतो. कॅननने 2012 साली 600ईएक्स-आरटी या फ्लॅशमध्ये तो आतच दिला. प्रकाशीय ट्रिगर उन्हात दगा देतो आणि त्याला सहसा समोरासमोर मोकळी दृष्टिरेषा लागते. रेडिओला आडोसा फारसा अडवत नाही.

बहुतेक ट्रिगर 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फायही तिथेच असल्याने लग्नाच्या हॉलमध्ये चॅनेल बदलायची सोय हवीच.

निवडताना खरा प्रश्न टीटीएल (लेन्समधून आलेल्या प्रकाशाचे मोजमाप) हवे की नाही, हा. साधा ट्रिगर फक्त ‘पेट’ एवढेच सांगतो. तीव्रता फ्लॅशपाशी जाऊन हाताने ठरवावी लागते. स्टुडिओत तेवढे पुरते, आणि पैसे वाचतात. टीटीएल ट्रिगर कॅमेऱ्याच्या मोजमापानुसार प्रकाश ठरवतो, म्हणून तो कॅमेऱ्याच्या ब्रँडसाठी बनवलेलाच घ्यावा लागतो: कॅननसाठीचा निकॉनवर फार तर नुसता फ्लॅश पेटवेल. भर दुपारी मोठ्या छिद्राने व्यक्तिचित्र टिपायचे, तर हाय-स्पीड सिंक आवश्यक. एरवी शटर साधारण 1/200 ते 1/250 सेकंदापाशी अडते. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅशची ताकद बरीच घटते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

जुने फ्लॅश जपून जोडावेत. व्हिविटार 283च्या सुरुवातीच्या काही नगांचा ट्रिगर व्होल्टेज 200 व्होल्टांहून अधिक असे. तो नाजूक ग्राहक जाळू शकतो.