मेळ्यांचें पुणें

शहराचा इतिहास लिहितांना इतिहासकार वाडे पाहतो, सनदा पाहतो, जमाखर्चाच्या वह्या चाळतो. पण त्या शहरानें रस्त्यावर उभें राहून काय गाइलें, हें पाहण्याची तसदी तो क्वचितच घेतो. पुण्याच्या बाबतींत ही उपेक्षा विशेष महाग पडते. कारण १८९३ पासून पुढें सुमारें पन्नास वर्षें या शहराचें राजकारण जसें सभेंत बोललें गेलें व वर्तमानपत्रांत छापलें गेलें, तसेंच तें भाद्रपदाच्या रात्रीं चौकाचौकांत गाइलें गेलें. हें गाणारे म्हणजे गणेशोत्सवांतील मेळे होत. मेळा हा शब्द ऐकून आजच्या तरुणाच्या डोळ्यांपुढें जत्रा किंवा विक्रीचें प्रदर्शन उभें राहतें. परंतु जुन्या पुणेकरास मेळा म्हटला कीं, एकसारखा पोषाख केलेलीं मुलें, बाजाची पेटी, तबला, झांजा, टिपऱ्या किंवा लेझीम, आणि ओळखीच्या चालीवर म्हटलेलें एखादें बोचक पद आठवे.

मेळ्याचा उगम समजण्यासाठीं १८९३ च्या मागचें पुणें पाहिलें पाहिजे. पेशवाई १८१८ सालीं बुडाली आणि शनिवारवाड्यांतील गणेशोत्सवाचें वैभवहि तिच्याबरोबर गेलें. गणपति घरोघरीं राहिला, पण रस्त्यावर तो एका विसर्जनाच्या दिवशींच दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या रस्त्यांवरचा मोठा सार्वजनिक उत्सव मोहरम हा होता. ताबूत मुसलमानांचे खरे; पण त्यांना नवस बोलणारे, त्यांच्यापुढें वाद्यें वाजविणारे, वाघाचीं सोंगें घेऊन नाचणारे आणि टोळ्या करून गाणीं म्हणणारे यांत हिंदूंचा भरणा मोठा असे. कित्येक हिंदु स्वतःहि ताबूत बसवीत. याच काळांतील गुरुजी तालमीच्या गणपतीची परंपरा १८८७ पासूनची सांगतात, आणि तिच्या संस्थापकांत भिकू शिंदे यांच्या जोडीला उस्ताद नालबन यांचें नांव घेतलें जातें. ज्या तालमींत दोन्ही समाजांचे तरुण एकत्र मेहनत करीत, तेथें उत्सवहि एकत्र होणें स्वाभाविक होतें.

हा शेजार १८९३ सालीं हादरला. ११ ऑगस्ट रोजीं मुंबईंत जुम्मा मशिदीजवळ दंगा सुरू झाला आणि पाहतां पाहतां शहरभर पसरला. पुण्यांत त्याचे पडसाद उमटल्यावांचून राहिले नाहींत. त्याच सुमारास भाऊसाहेब रंगारी, खाजगीवाले, घोटवडेकर प्रभृति मंडळींनीं सार्वजनिक गणपति बसविले. यांतील अग्रमान कोणाचा, हा वाद पुण्यांत अद्याप मिटलेला नाहीं. परंतु या उपक्रमाचें सामर्थ्य ओळखून त्यास ‘केसरी’च्या द्वारें चळवळीचें रूप दिलें तें लोकमान्य टिळकांनीं. १८९४ सालीं त्यांनीं विंचूरकरांच्या वाड्यांत गणपति बसविला. त्याच वर्षीं पुष्कळ हिंदूंनीं मोहरमांतून अंग काढून घेतलें, आणि ताबुतांपुढें गाणाऱ्या टोळ्यांची जागा गणपतीपुढें गाणाऱ्या मेळ्यांनीं घेतली. टोळी तीच, पोषाख व ताल बहुतांशीं तेच. देव बदलला आणि देवाबरोबर गाण्याचा विषय बदलला.

या बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. सप्टेंबर १८९४ मध्यें सरदार तात्यासाहेब नातू यांचा मेळा दारूवाला पुलाजवळील मशिदीवरून वाजत जात असतां तंटा होऊन मारामारी झाली. मशिदीसमोर वाद्यें वाजवावीं कीं नाहीं, हा प्रश्न त्या रात्रीपासून पुण्याच्या राजकारणांत कायमचा शिरला. या प्रसंगाकडे दोन दृष्टींनीं पाहिलें जातें. उत्सवाचे कैवारी म्हणत कीं, राजरस्ता सर्वांचा आहे आणि सरकार पक्षपात करीत असल्यामुळें हिंदूंनीं संघटित होणें प्राप्त होतें. टीकाकार म्हणत कीं, एका समाजाच्या उत्साहानें दुसऱ्या समाजाचा रस्ता अडतो, आणि त्याचा फायदा परकीय सरकारास मिळतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु ज्या रस्त्यावर कालपर्यंत दोघे एका तालावर नाचले, त्याच रस्त्यावर ताल हेंच भांडणाचें कारण व्हावें, ही पुण्याची खरी हानि होती, आणि ती मान्य केल्याखेरीज मेळ्यांचा पुढील गौरव सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, राजकारणास गाण्याचा आश्रय कां घ्यावा लागला? याचीं कारणें तीन. पहिलें कारण निरक्षरता. १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणें हिंदुस्थानांत शंभरांत जेमतेम पांच-सहा माणसें साक्षर होतीं. अग्रलेख कितीहि तेजस्वी असला तरी तो वाचणारे थोडे. पद मात्र एकदां ऐकलें कीं, तांबट आळींतल्या कारागिराच्याहि तोंडीं बसे. दुसरें कारण चालींचें. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) व ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांनीं पुण्याच्या कानाला नव्या पदांची गोडी लाविली होती. मेळ्याचा कवि, मग तो शाळामास्तर असो कीं कचेरींतला कारकून, नाटकांतली किंवा लावणी-पोवाड्याची एखादी लोकप्रिय चाल घेई आणि तींत नवे शब्द बसवी. श्रोत्यांना चाल आधींच पाठ. त्यामुळें त्यांचें सारें लक्ष शब्दांकडे लागे. तिसरें कारण कायद्याचें. १८५८ च्या जाहीरनाम्यांत राणीनें प्रजेच्या धर्मांत हात घालणार नाहीं, असें अभिवचन दिलें होतें. राजकीय सभा बंद करणें सरकारास सोपें होतें. गणपतीची आरती बंद करणें तितकें सोपें नव्हतें.

मेळ्याचें काम मोठ्या शिस्तीचें असे. गणपति येण्यापूर्वीं कित्येक दिवस रोज रात्रीं एखाद्या वाड्याच्या चौकांत तालीम चाले. आरंभीं गणेशस्तवन, मग पौराणिक कथा, मग स्वदेशी, दारूबंदी, शिक्षण, दुष्काळ असे चालू विषय, आणि शेवटीं एखादें विनोदी पद, असा क्रम सामान्यतः राही. पदांचीं लहान पुस्तकें छापून विकलीं जात. एका रात्रींत एक मेळा अनेक गणपतींपुढें गाई, त्यामुळें कसबा पेठेंत सायंकाळीं म्हटलेली टीका मध्यरात्रीपूर्वींच सदाशिव पेठेंत पोंचलेली असे. ‘सन्मित्र समाज’ मेळ्याचें नांव या काळांत सर्वतोमुखीं झालें.

या गाण्यांचा धसका सरकारनें किती घेतला, हें दोनतीन गोष्टींवरून कळतें. टिळकांवरील १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत वादाचा विषय झालेला मजकूर शिवाजी-उत्सवाची हकीकत आणि त्या निमित्तानें छापलेली कविता हाच होता. त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षीं नातूबंधूंस १८२७ च्या रेग्युलेशनखालीं चौकशीवांचून अटकेंत ठेवण्यांत आलें. नाशकास सावरकरबंधूंनीं आपल्या मंडळास ‘मित्रमेळा’ हेंच नांव दिलें होतें. कवि गोविंद यांचीं पद्यें छापल्याबद्दल १९०९ सालीं बाबाराव सावरकरांस जन्मठेपेची शिक्षा झाली. १९१० सालीं खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली, आणि त्याच सुमारास मेळ्यांस आपलीं पदें आगाऊ पोलिसांपुढें ठेवण्याची सक्ति झाली. पुढें १९१८ सालीं रौलट समितीनें जो अहवाल सादर केला, त्यांत क्रांतिकारक चळवळीचा इतिहास गणपति व शिवाजी या उत्सवांपासूनच सुरू केला आहे. एखाद्या गाण्याच्या पथकास साम्राज्याच्या कागदपत्रांत याहून मोठें मानाचें पान क्वचितच मिळालें असेल.

टिळकांचें राजकारणहि या अवधींत १८९४ च्या जागीं थांबलें नव्हतें. मंडालेहून १९१४ सालीं सुटून आल्यावर त्यांनीं १९१६ च्या लखनौ करारास पाठिंबा दिला आणि हिंदु-मुसलमानांच्या राजकीय समझोत्याचा पुरस्कार केला. दारूवाला पुलाच्या आठवणीबरोबर लखनौची आठवणहि ठेवली, तरच त्या पुरुषाचें चित्र पुरें होतें.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं दिवंगत झाले, आणि मेळ्यांच्या इतिहासाचें दुसरें पर्व सुरू झालें. आतांपर्यंत मेळ्यांतील पदें बहुतेक एकाच बाजूचीं होतीं. गाणारे व गावविणारे पुष्कळसे ब्राह्मण पेठांतील होते, आणि शिवाजीमहाराजांचें जें चित्र ते रंगवीत, तें त्यांच्या दृष्टीचें होतें. सत्यशोधक परंपरेंत वाढलेल्या तरुणांना हें मान्य नव्हतें. केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकारानें ‘छत्रपति मेळा’ पुण्याच्या रस्त्यावर आला आणि त्यानें तेंच शस्त्र हातीं घेऊन उलट प्रश्न विचारले: राष्ट्र कोणाचें? शिवछत्रपति कोणाचे? टिळकांचा जयजयकार करणाऱ्यांनीं जोतीराव फुल्यांचें स्मरण कां करूं नये? ‘सन्मित्र’नें उत्तर दिलें, ‘छत्रपति’नें प्रत्युत्तर दिलें. पदांतील टीका व्यक्तींच्या नांवांपर्यंत उतरली, आणि कांहीं वेळां प्रकरण हातघाईवर आलें. नगरपालिकेंत फुल्यांच्या पुतळ्याचा प्रश्न १९२५ सालीं पेटला तो याच वातावरणांत. त्याच वर्षीं जवळकरांचें ‘देशाचे दुष्मन’ हें पुस्तक निघालें, त्यावर खटला झाला, आणि अपिलांत आरोपींच्या वतीनें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं काम चालविलें. आरोपी सुटले.

सभ्य गृहस्थांनीं त्या काळीं या पदांस नाकें मुरडलीं, आणि त्यांतील ग्राम्य भाग आजहि वाचवत नाहीं. तथापि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ज्यांचा आवाज सभेंत व छापखान्यांत पोंचत नव्हता, त्यांनीं तो उत्सवांत पोंचविला. आणि तो ऐकणें पुण्यास भाग पडलें. शब्दांस शब्दांनीं उत्तर मिळालें, न्यायालयांत युक्तिवाद झाला, नगरपालिकेंत मतें पडलीं. अखेर १९३० च्या सत्याग्रहाच्या वेळीं हेच केशवराव जेधे काकासाहेब गाडगिळांच्या खांद्यास खांदा लावून काँग्रेसमध्यें उतरले. भांडण कडवट होतें, पण तें अर्थाचें भांडण होतें. म्हणून त्यांत मत बदलण्यास आणि तडजोडीस जागा राहिली. दारूवाला पुलावरचें भांडण आवाजाचें होतें. आवाज एक तर वाजतो, नाहीं तर बंद पडतो. त्याच्याशीं वाद घालतां येत नाहीं.

मेळ्यांचा अस्त कोणा एका हुकुमानें झाला नाहीं. १९३३ सालीं ‘प्रभात’ कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली. बोलपटांचीं गाणीं घरोघरीं गेलीं आणि मेळ्यांनीं त्यांच्या चाली घेण्यास आरंभ केला. प्रथम चाल आली, मग तिच्या पाठोपाठ करमणुकीचा सोसहि आला. ध्वनिक्षेपक आल्यावर माणसांच्या तोंडून पद ऐकण्याची गरज उरली नाहीं. तबकडी लावली कीं उत्सव गाऊं लागे. १९४७ सालीं स्वराज्य आलें आणि ज्या सत्तेविरुद्ध आडपडद्यानें गावयाचें, ती सत्ताच गेली. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुणें आकाशवाणी केंद्र सुरू झालें आणि गाणें घरबसल्या ऐकूं येऊं लागलें. पुढील दोन दशकांत मेळे विरळ होत होत नाहींसे झाले.

उत्सव मात्र वाढतच गेला. आज अनंतचतुर्दशीची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. ढोलताशांच्या पथकांत मुलगे व मुली सारख्याच जोमानें वाजवितात, आणि त्यांच्या मेहनतीचें कौतुक करावें तितकें थोडें. २०२५ सालीं महाराष्ट्र सरकारनें गणेशोत्सवास राज्यमहोत्सवाचा दर्जा दिला. ज्या उत्सवाचीं पदें एकेकाळीं पोलीस तपाशीत, तो आतां सरकारचा झाला. पोलिसांच्या हातीं आज पदांच्या वहीऐवजीं आवाज मोजण्याचें यंत्र असतें. २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि दरवर्षीं वाद होतो तो या आकड्यावरून. पूर्वीं सरकार विचारी, ‘काय गाणार?’ आतां विचारतें, ‘किती मोठ्यानें?’ या दोन प्रश्नांतील अंतर हेंच या शहराच्या उत्सवांत पडलेलें अंतर होय.

मेळे परत आणावे, असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. गेलेली कला हुकुमानें परत येत नसते. परंतु ज्या नागरिकांस आपल्या शहराच्या राजकारणाची चाड आहे, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पुण्याच्या उत्सवाची थोरवी त्याच्या गर्दींत नव्हती. सामान्य माणूस तेथें आपलें म्हणणें चार ओळींत मांडी, आणि दुसरा सामान्य माणूस त्यास दुसऱ्या चौकांत उत्तर देई, यांत ती होती. विसर्जनाच्या मिरवणुकींत मानाच्या पांच गणपतींचा क्रम ठरलेला आहे: कसबा गणपति पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, गुरुजी तालीम तिसरा, तुळशीबाग चौथा आणि केसरीवाडा पांचवा. हिंदु व मुसलमान अशा दोघांचीं नांवें ज्याच्या जन्मकथेंत आहेत, तो गणपति या रांगेच्या बरोबर मध्यभागीं चालतो. त्याची ही हकीकत ढोलांच्या गजरांत सांगतां येण्यासारखी नाहीं. ती सांगावयास शब्दच लागतात.