रुक्मिणीच्या रथाचं मूळ पान

लहानपणी अकोल्याला आमच्या घरी वेताळ यायचा तो स्टेशनवरच्या बुक स्टॉलवरून. बाबा मुंबईहून परत आले की बॅगेत तळाशी एक तरी इंद्रजाल कॉमिक्स असायचंच. आम्ही भावंडं त्यावर तुटून पडायचो आणि शेवटी ते रद्दीत जायचं. वाईट कुणालाच वाटायचं नाही, कारण पुढचं येणारच होतं. पण हे चित्र कुणीतरी एका कागदावर हातानं काढलं असेल आणि तो कागद आज कुठेतरी असेल, हा विचार मात्र चाळिशी उलटेपर्यंत डोक्यात आला नाही.

आणून दिला तो अमरावतीच्या एका बंद पडलेल्या छापखान्यानं. मालक जुन्या वस्तू मोडीत काढत होते. फायलींच्या गठ्ठ्याला आधार म्हणून लावलेला एक जाड कागद मी उलटून पाहिला, तर रुक्मिणीहरण! कुठल्याशा दिवाळी अंकातल्या मुलांच्या चित्रकथेचं मूळ पान. कृष्णाचा रथ, मागे धुरळा आणि कोपऱ्यात अंबादेवीचं देऊळ. आमच्याकडे सगळे मानतात, की रुक्मिणी तिवसा तालुक्यातल्या कौंडिण्यपूरची आणि कृष्णानं तिला पळवलं ते या देवळातून. चित्रकारानं देवळाबाहेर चक्क हार-नारळाची दुकानं काढली होती.

"कायले पायजे भाऊ तुमाले हे? न्या, तसंही जाळतच होतो," मालक म्हणाले.

घरी आणून भिंगाखाली धरलं आणि मग कळलं की छापील चित्र आणि मूळ चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ पान छापल्या जाणाऱ्या पानापेक्षा मोठं काढत, म्हणजे फोटो लहान करताना रेघ घट्ट दिसते. आधी पेन्सिल, मग त्यावर ब्रशनं काळी शाई. चुकलं तिथे पांढरा रंग. संवाद वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेले. दोन-चार भाषांत अंक काढायचा तर चित्र तेच ठेवून फक्त ही चिकटपट्टी बदलायची. फिक्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा प्रोसेस कॅमेऱ्याला दिसत नाहीत, म्हणून सूचना निळ्यात. माझ्या पानावर पांढऱ्या रंगाखाली दुसराच रथ होता! आधी तो डावीकडे धावत होता, चित्रकारानं तो पुसून उजवीकडे वळवला. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा पळणारा रथही उजवीकडेच, पुढच्या चौकटीत धावायला हवा. छापील अंकात ही घालमेल कधीच दिसली नसती.

मग मी या विषयाच्या मागे लागलो. पहिला धक्का आमच्या वेताळानंच दिला. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. आतली वेताळाची चित्रं अमेरिकेतल्या वृत्तपत्री चित्रपट्ट्यांच्या प्रतींवरून यायची. म्हणजे त्यांची मूळ पानं भारतात नव्हतीच. इथे हातानं रंगवली गेली ती मुखपृष्ठं. त्यातली कितीतरी गोविंद ब्राह्मणिया यांची. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला, तोही सुरुवातीला त्यांनीच काढला.

'अमर चित्र कथा'चं तसं नव्हतं. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेची पानं इथेच काढली गेली, आणि काढणाऱ्यांत आपली माणसं किती! क्रमांक ११चा 'कृष्ण' काढणारे राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक, बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक काढणारे दिलीप कदम. आम्ही कथा लक्षात ठेवल्या, ही नावं कधी वाचली नाहीत.

बाहेरच्या जगात मात्र या कागदांना सोन्याचा भाव आलाय. २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी अर्जेनं १९३६ मध्ये केलेलं आणि न वापरलेलं मुखपृष्ठ ३० लाख युरोंच्या वर गेलं. पुढच्याच वर्षी स्पायडरमॅनचं एक पान ३३ लाख डॉलरच्या पुढे. पण त्याच अमेरिकेत जॅक कर्बीसारख्या दिग्गजाला स्वतःचीच पानं परत मिळवायला मार्व्हलशी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. १९८७ मध्ये त्याला सुमारे दोन हजार पानं मिळाली, काढली होती त्याच्या कितीतरी पट. कंपनीच्या लेखी चित्रकाराला पानाचे पैसे दिले, व्यवहार संपला.

आपल्याकडेही हे नवीन नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीतले चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगत. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अशी चित्रं जपलेली आहेत, पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी स्वतःच संग्रहालय उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण पोथीतलं एक चित्र सुटं विकलं गेलं की चित्र उरतं, गोष्ट तुटते. कॉमिक्सच्या सुट्या पानाचंही तेच. संग्राहक म्हणून आनंद होतो तेव्हा हे विसरायला नको.

असो. माझ्या पानाचं सांगायचं राहिलं. मागे पेन्सिलीनं हिशोब होता: रॉकेल, साखर, वह्या, आणि खाली अंकाचे येणारे पैसे. येणे कमी, देणे जास्त. खाली सहीतली दोन अक्षरं. मालकांना एवढंच आठवत होतं, की अकोल्याचे एक ड्रॉइंग मास्तर काढायचे. अकोल्यात शोधता शोधता त्यांच्या मुलीपर्यंत पोचलो. मास्तर जाऊन वीस वर्षं झाली होती.

काकूंनी रथाकडे पाहिलंच नाही आधी. पान उलटं करून हिशोबावर बोट ठेवलं. "वह्या माह्या होत्या. चौथीतल्या." मग म्हणाल्या, की बाबांची चित्रं छापखान्यातून कधी परत आली नाहीत, घरात त्यांची एक रेघही नाही.

खरं सांगतो, जाताना माझ्या मनात होतं की थोडी माहिती घ्यावी आणि पान फ्रेम करून लावावं. मूर्तिजापूरमार्गे परत येताना एस.टी.त माझ्या पिशवीत फक्त फोटो होता. अजूनही कधी कधी हळहळ वाटते. संग्राहकाचा जीव! पण ते पान माझ्या भिंतीवर चित्र झालं असतं, तिथे ते वडील आहेत.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, कसर आणि ओल यांपासून जपा. आणि कुणी काढलं ते माहीत असेल, तर आधी ते एका चिठ्ठीवर लिहून पानासोबत ठेवा.