जुनी राइड ठेवायची की पाडायची? कोनी आयलंडचे तीन दाखले

करमणुकीच्या उद्यानांवर पीएच.डी. होऊ शकते हेच पुष्कळांना पटत नाही. ज्यांना पटतं, ते लगेच विचारतात : लोकांच्या आठवणी गुंतलेल्या जुन्या राइड्स जपाव्यात, की काढून नव्या बसवाव्यात? गप्पांसाठी हा प्रश्न उत्तम आहे. पण सिनॉप्सिसमध्ये तो जसाच्या तसा उतरवला तर मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत लाल पेन काढतात. असं का होतं, ते एका ठिकाणाच्या इतिहासावरून बघू.

ठिकाण आहे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा समुद्रकिनारा, कोनी आयलंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे स्टीपलचेस, लूना पार्क आणि ड्रीमलँड अशी तीन मोठी उद्यानं होती. ड्रीमलँड १९११ च्या आगीत गेलं. लूना पार्क १९४४ च्या आगीनंतर सावरलं नाही. स्टीपलचेस १९६४ साली बंद झालं. या पडझडीच्या काळातून गेलेल्या तीन राइड्स आपण शेजारी शेजारी ठेवू.

पहिली : सायक्लोन. हा रोलरकोस्टर १९२७ साली सुरू झाला. सांगाडा पोलादी, रूळमार्ग लाकडी, उंची ८५ फूट. सत्तरच्या दशकात तो नगरपालिकेच्या ताब्यात होता आणि शेजारच्या मत्स्यालयाला विस्तारासाठी ती जागा हवी होती. लोकांनी विरोध केला. १९७५ मध्ये ॲस्ट्रोलँड या उद्यानाने तो पालिकेकडून भाड्याने घेऊन, दुरुस्त करून पुन्हा चालू केला. १९८८ मध्ये त्याला शहराच्या वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. २००८ मध्ये ॲस्ट्रोलँड बंद झालं, पण सायक्लोन पुढच्या चालकाकडे गेला. तो आजही धावतो.

दुसरी : पॅराशूट जंप. हा मनोरा १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी उभारला गेला आणि १९४१ मध्ये स्टीपलचेसने तो कोनी आयलंडवर आणला. उंची अडीचशे फुटांच्या आसपास. साठच्या दशकात तो बंद पडला. उद्यानाची जागा १९६५ मध्ये फ्रेड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाने घेतली होती. पुढच्याच वर्षी त्याने तिथली काचेची मोठी इमारत पाडली, तीही पाहुण्यांना बोलावून, त्यांना काचांवर विटा फेकायला देऊन. मनोरा मात्र राहिला. पुढे पालिकेने तो लिलावात काढला, तर घ्यायला कोणी आलं नाही. पाडायचा तर त्याचाही खर्च मोठा. १९७७ मध्ये त्याला वारसा दर्जा मिळाला, त्याच वर्षी काढून घेतला गेला आणि १९८९ मध्ये पुन्हा मिळाला. आज तो रंगवलेला आहे, रात्री त्याच्यावर रोषणाई असते. पण त्यावरून कोणी खाली उतरत नाही.

तिसरी : थंडरबोल्ट. १९२५ चा रोलरकोस्टर. त्याच्या खाली चक्क एक घर होतं, आणि ते वुडी ॲलनच्या १९७७ च्या 'ॲनी हॉल' चित्रपटात दिसतं. म्हणजे आठवणींची कमतरता नव्हती. १९८२ मध्ये तो बंद पडला. तो खासगी मालकीचा होता आणि त्याला वारसा दर्जा नव्हता. शेजारी बेसबॉलचं नवं स्टेडियम उभं राहत असताना, नोव्हेंबर २००० मध्ये, पालिकेने धोकादायक बांधकाम म्हणून तो पाडला. २००३ मध्ये ज्यूरीने सांगितलं की या पाडकामाला आधार नव्हता. तोवर ढिगारासुद्धा उचलून झाला होता. २०१४ मध्ये कोनी आयलंडवर एक नवा पोलादी रोलरकोस्टर आला. नाव : थंडरबोल्ट.

आता मूळ प्रश्नाकडे या. यांपैकी कोणती राइड 'ठेवली' आणि कोणती 'बदलली'?

सायक्लोन ठेवला म्हणावं, तर समुद्राच्या खाऱ्या हवेत लाकूड टिकत नाही. हंगाम संपला की खराब फळ्या काढून नव्या घालाव्या लागतात, आणि हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. आज तुमचा डबा ज्या लाकडावरून धावतो ते १९२७ चं नव्हे. पॅराशूट जंपचं उलट आहे : पोलाद बरंचसं जुनंच, पण त्याचं काम संपलं. आणि थंडरबोल्टची वस्तूही गेली, वापरही गेला, उरलं फक्त नाव. म्हणजे 'जपणं' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत : वस्तू, वापर आणि नाव. त्या वेगळ्या केल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा कारणांचा. 'लोकांच्या प्रेमामुळे सायक्लोन वाचला' हे वाक्य लिहायला फार सोपं आहे. पण प्रेम थंडरबोल्टवरही होतं. जे कारण वाचलेल्या आणि पडलेल्या दोन्ही राइड्सच्या बाबतीत हजर आहे, ते एकटं फरक समजावू शकत नाही. फरक होता तो जमीन कोणाची, वारसा दर्जा होता की नव्हता आणि राइड चालवायला कोणी तयार होतं का, यात. लोकांचा विरोध महत्त्वाचा ठरला, पण त्याला धरायला भाडेकरार आणि कायदा मिळाला तेव्हा. म्हणून फक्त टिकलेल्या वस्तूंचा अभ्यास करू नका. पडलेली एक तरी शेजारी ठेवा.

तिसरा मुद्दा सगळ्यात नाजूक : आठवणी कोणाच्या? यासाठी कोनी आयलंड सोडून वॉशिंग्टनला लागून असलेल्या, मेरीलंडमधल्या ग्लेन एको उद्यानात जावं लागेल. तिथे १९२१ चं घोड्यांचं मेरी-गो-राउंड आहे. हे उद्यान फक्त गोऱ्यांसाठी होतं. ३० जून १९६० रोजी कृष्णवर्णीय विद्यार्थी तिकिटं घेऊन त्या लाकडी घोड्यांवर जाऊन बसले. पाच जणांना अटक झाली. बाहेर निदर्शनं सुरू झाली, त्यात आसपासचे गोरे रहिवासीही आले. १९६१ च्या हंगामात उद्यान सर्वांना खुलं झालं, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. उद्यान १९६८ नंतर बंद पडलं. मेरी-गो-राउंड विकलं गेलं होतं, पण स्थानिकांनी वर्गणी काढून ते परत मिळवलं. आजही ते हंगामात फिरतं.

आता समजा, या मेरी-गो-राउंडवर लिहिताना तुम्ही फक्त 'रम्य बालपण' सांगणाऱ्या मुलाखती घेतल्या. त्या खोट्या नसतील. पण ज्या मुलांना फाटकातूनच परत जावं लागलं, त्यांचं बालपण तुमच्या प्रबंधातून पुन्हा एकदा बाहेर राहील. आठवणी हे साधन आहे, पण त्यांच्यासोबत कोर्टाचे कागद, परवाने, भाडेकरार आणि त्या काळातली वर्तमानपत्रं बसवायलाच हवीत.

मग माझं मत काय? जिथे शक्य आहे तिथे जुनी राइड चालती ठेवावी, फळ्या बदलून का होईना. बसता येत नाही अशी राइड म्हणजे मग एक शिल्पच. पण वारसा दर्जा पाडकाम अडवू शकतो, राइड चालवू शकत नाही, हे पॅराशूट जंपने दाखवून दिलंय. त्यासाठी दर हिवाळ्यात सुतारकामाचा खर्च उचलणारं कोणीतरी लागतं. आणि चालती ठेवताना तिचा पूर्ण इतिहास सांगावा, फाटकाबाहेरच्यांसकट.

तुमचा विषय एकपडदा चित्रपटगृहांचा असेल, गिरण्यांचा असेल किंवा वाड्यांचा, शीर्षकातला 'जतन' किंवा 'स्मृती' हा शब्द आज पेन्सिलीने खोडून बघा. त्याजागी वस्तू, वापर, नाव यांपैकी नेमकं काय ते लिहा. मग खाली तीन ओळी : जागा कोणाची होती, खर्च कोण करत होतं, आत येऊ कोणाला दिलं जात नव्हतं. या तीन ओळींची उत्तरं कोणत्या कागदांत मिळतील हे सांगता आलं, की सिनॉप्सिसचं अर्धं काम झालंच म्हणून समजा.