३५ अंशांचा लॅपटॉप, वऱ्हाडचा उन्हाळा

१/ मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७.४ अंशांवर गेला. व्यावसायिक लॅपटॉपच्या तांत्रिक पत्रकात कार्यतापमानाची कमाल मर्यादा मात्र बहुधा ३५ अंश असते. एका नामांकित यंत्राचे गुणदोष या दोन आकड्यांच्या मधोमध दडले आहेत. 🧵

२/ ऑक्टोबर १९९२ मध्ये आयबीएमने ‘थिंकपॅड ७००सी’ जाहीर केला. रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकाराला त्याचे काळे, चौकोनी रूप सुचले ते जपानी जेवणाच्या डब्यावरून. कळफलकाच्या मध्यभागी असलेला लाल बिंदू ही टेड सेल्कर यांची देणगी. त्यामुळे कळांवरून हात न उचलता पडद्यावरील बाण हलवता येऊ लागला.

३/ २००३ मध्ये यंत्राला धक्का ओळखणारा संवेदक मिळाला. हिसका बसताच तो हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष बाजूला घेई. अमरावती-अकोला एसटीच्या प्रवासात मांडीवर हिशेब उघडणाऱ्याला या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

४/ २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोवोकडे गेला. त्याच सुमारास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन तासन्‌तास चाले. वीज गेली तरी लॅपटॉप चालू राही. शिवाय त्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा चढउतार सोसत असे.

५/ २०१३ च्या ‘टी-४४०’मध्ये दोन बॅटऱ्या आल्या. आतली बॅटरी यंत्र जागे ठेवी, तोवर मागची बदलून घेता येई. चालू काम खंडित होत नसे. वऱ्हाडासाठी याहून सोयीची रचना क्वचितच झाली असेल. पण सडपातळपणाची ओढ वाढली आणि २०१९ च्या ‘टी-४९०’मध्ये ही सोय नाहीशी झाली.

६/ आता उष्णतेचे गणित पाहू. लॅपटॉपचा पंखा हवा थंड करीत नाही, केवळ खेळती ठेवतो. खोली २५ अंशांवर असेल, तर ९५ अंशांवर तापलेल्या चिपला ७० अंशांचा फरक मिळतो. खोली ४२ अंशांवर गेली की तो ५३ अंशच उरतो, म्हणजे उष्णतेचा निचरा सुमारे पाव हिश्श्याने घटतो. मग स्वतःला वाचवण्यासाठी चिप आपला वेग कमी करते, आणि आपण म्हणतो, ‘लॅपटॉप हँग झाला.’ लिथियम बॅटरीचे आयुष्यही उष्णतेने घटते. गेलेली क्षमता पुन्हा परत येत नाही.

७/ दुसरा दोष बैठकीचा. यातील अनेक यंत्रे तळातून हवा घेतात. रचनाकाराने टेबल गृहीत धरले होते. पेढीवरची गादी ती वाट बुजवते. जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत अडकतात आणि उरलीसुरली वाटही बंद होते.

८/ या यंत्राची बांधणी कच्ची नव्हती. ते घडवताना डोळ्यांपुढे असलेले कार्यालय वातानुकूलित होते, आपले नव्हते. वाळ्याच्या ताट्या लावून उन्हाळा काढणाऱ्या वऱ्हाडाला हवामानाप्रमाणे घर बांधणे नवीन नाही. तीच दृष्टी खरेदीतही हवी. तहसील असो वा अडत्याचे दुकान, वेगाच्या आकड्याआधी तापमानाची ओळ वाचावी, हवेची वाट कुठून आहे ते पाहावे, बॅटरी सहज बदलता येते का ते विचारावे.

(समाप्त)