पेज फॉल्ट आणि डेडलॉक: फाइल सिस्टिममधल्या एका पेचाचा इतिहास

डेडलॉक म्हटले की पाठ्यपुस्तकात दोन प्रोसेस आणि दोन लॉक यांचे चित्र येते. पण प्रोसेस एकच, लॉकही एकच आणि तरी डेडलॉक, असे होऊ शकते का? होऊ शकते. कर्नलच्या फाइल सिस्टिममध्ये ते घडत होते आणि त्यावर पक्का उपाय शोधायला अनेक वर्षे गेली. या टिपणात तो प्रवास क्रमाने पाहू.

दोन कल्पना, दोन वाटा

पहिली कल्पना पेज फॉल्टची. मँचेस्टर विद्यापीठाचा ॲटलस संगणक डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी ५१२ शब्दांच्या पानांत विभागली होती. प्रोग्रामला हवे असलेले पान मुख्य मेमरीत नसेल तर प्रोग्राम थांबे, देखरेख करणारी यंत्रणा ड्रमवरून पान आणी आणि प्रोग्राम पुढे चाले. प्रोग्रामला यातले काही कळत नसे. आजचा पेज फॉल्टही मुळात हेच करतो.

दुसरी कल्पना डेडलॉकची. डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये त्याला ‘जीवघेणी मिठी’ अशा अर्थाचे नाव दिले. १९६८ मध्ये आयबीएमच्या हॅवेंडर यांनी एक सोपा नियम मांडला: सर्व लॉकना क्रमांक द्या आणि ते नेहमी चढत्या क्रमानेच घ्या. १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी डेडलॉकच्या चार अटी सांगितल्या: एकाधिकार, हाती ठेवून वाट पाहणे, हिसकावून घेता न येणे आणि वर्तुळाकार प्रतीक्षा. यांतली एक अट मोडली तरी डेडलॉक होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या एम-मॅपमुळे, म्हणजे फाइलच प्रोसेसच्या मेमरीत जोडून देण्याच्या सोयीमुळे. १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये ही सोय पूर्ण रूपात आली. आता मेमरीच्या एका पत्त्याला हात लावला की पेज फॉल्ट होई आणि तो थेट फाइल सिस्टिमच्या दारात जाऊन उभा राही.

पेच नेमका कुठे आहे?

एक फाइल उघडा आणि तिचे एक पान मेमरीत जोडा. मग त्याच मेमरीतला मजकूर त्याच फाइलच्या त्याच पानावर लिहायला कर्नलला सांगा. कर्नल पानावर लॉक घेतो आणि मजकूर उचलायला जातो. स्रोताचे पान प्रोसेसला जोडलेले नसेल तर पेज फॉल्ट होतो. फॉल्ट हाताळणारा कोड त्याच पानाचा लॉक मागतो. लॉक आहे कोणाकडे? याच प्रोसेसकडे. प्रोसेस स्वतःचीच वाट पाहत बसते आणि ती मारताही येत नाही. चार ओळींचा प्रोग्राम लिहिणारा कोणीही साधा वापरकर्ता हे करू शकत असे. म्हणून या चुकीला महत्त्व होते.

इथे हॅवेंडर यांचा नियम का चालत नाही? कारण लॉकचा क्रम कर्नलच्या हातात उरत नाही. मजकूर कोणत्या पत्त्यावर आहे हे वापरकर्ता ठरवतो, आणि त्या पत्त्यामागे कोणती फाइल असेल हे कोड लिहिताना सांगता येत नाही.

लिनक्समधले उपाय

पहिला उपाय साधा होता: लॉक घेण्याआधीच स्रोताच्या पानाला हात लावून ते आणून ठेवायचे. पण हात लावणे आणि लॉक घेणे यांच्या मधल्या क्षणात कर्नल ते पान पुन्हा काढून घेऊ शकतो. धोका कमी झाला, संपला नाही.

पक्का उपाय जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत आला. निक पिगिन यांच्या बदलांनी लॉक हातात असताना पेज फॉल्ट हाताळणेच बंद केले. पान नसेल तर नक्कल अर्धवट थांबते, लॉक सोडला जातो, पान आणले जाते आणि काम उरलेल्या भागापासून पुन्हा सुरू होते. कॉफमन यांची दुसरी अट, हाती ठेवून वाट पाहणे, इथे मोडली.

झोटवाड्याच्या बाजारातल्या अरुंद गल्लीत दोन टेम्पो समोरासमोर आले तर काय होते? एकाने गाडी मागे घेतल्याशिवाय दोघेही सुटत नाहीत. इथेही तसेच आहे.

जीएफएस२ मध्ये हा पेच अधिक अवघड होता. ही अनेक संगणकांनी मिळून वापरायची फाइल सिस्टिम २००६ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली. तिथे लॉक एका पानाचा नसून पूर्ण फाइलचा आणि सगळ्या संगणकांत मिळून एक असतो. फाइल वाचताना वाटून घेण्याजोगा लॉक घेतला, आणि वाचलेला मजकूर त्याच फाइलच्या जोडलेल्या मेमरीत ठेवायचा असेल, तर फॉल्टला एकट्याचा लॉक लागतो. पुन्हा तीच मिठी. आंद्रेआस ग्रुएनबाखर यांच्या बदलांनी जानेवारी २०२२ च्या ५.१६ आवृत्तीत हा पेच सोडवला. तत्त्व तेच होते: फॉल्ट बंद ठेवून प्रयत्न करा, अडलात तर लॉक सोडा, पाने आणा, पुन्हा या.

उपायाची किंमत

‘पुन्हा या’ म्हणताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, लॉक मध्येच सोडला तर तेवढ्यात दुसरा कोणी त्या फाइलमध्ये लिहून जाऊ शकतो. दुसरी, प्रत्येक फेरीत काम पुढे सरकलेच पाहिजे, नाहीतर डेडलॉकच्या जागी न संपणारी फेरी येते. हे खरोखर घडू शकत होते. काही एआरएम प्रोसेसरांवर मेमरीच्या दर १६ बाइटांना वेगळी खूण असते. पान आहे की नाही हे पाहताना कर्नल पानातला एखादाच बाइट तपासे. तो ठीक निघे, पण नक्कल पानाच्या मध्येच अडे आणि फेरी पुन्हा सुरू होई. बीटीआरएफएसमधल्या अशा एका जागेची दुरुस्ती २०२२ च्या ५.१९ आवृत्तीत झाली.

परीक्षेत चार अटी लिहिताना प्रत्येक अटीपुढे ती मोडणारा एक खरा उपायही लिहून पाहा. दुसऱ्या अटीचे उदाहरण आता तुमच्याकडे आहे. मग स्वतःला विचारा: याच पेचात तिसरी अट, म्हणजे हिसकावून घेता न येणे, मोडली असती तर अर्धवट लिहिलेल्या पानाचे काय झाले असते?