बाप्तिस्म्याने काय बदलते? अमेरिकेतील वर्णभेद आणि आपला सीमाभाग

बेळगावच्या ख्रिस्तमंडळीचा इतिहास सांगताना आपण १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीने येथे केलेल्या कार्यारंभाचा उल्लेख करतो, जोसेफ टेलर व विल्यम बेनन यांची नावे आदराने घेतो आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हे क्षेत्र अमेरिकन मेथॉडिस्टांकडे गेले एवढे सांगून पुढे जातो. तिकडे कोल्हापुरात १८५२ साली आलेले रॉयल वाइल्डर हेही अमेरिकनच. त्यांनी रुजविलेले मिशन १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळीशी जोडले गेले आणि कालांतराने त्याचे कार्य निपाणीच्या बाजूसही पसरले. या मिशनांनी आपल्या वाडवडिलांना जात सोडावयास सांगितले. सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी त्या काळी काय चालले होते, हा प्रश्न मात्र आपल्या इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला आहे. अमेरिकेतील वर्णभेदाचा अभ्यास आपल्या पाळकांनी व कॅटेकिस्टांनी करावा असे आम्हांस वाटते, ते प्रथम याच कारणासाठी. तो आपल्याच मंडळीच्या इतिहासाचा न वाचलेला भाग आहे.

आरंभ व्हर्जिनियापासून करावा लागेल. १६१९ साली त्या वसाहतीत आफ्रिकन लोक आणले गेले. पुढे त्यांच्यापैकी काहींना बाप्तिस्मा देण्यात येऊ लागला, तेव्हा मालकवर्गात एक शंका उत्पन्न झाली. ख्रिस्ती मनुष्याने ख्रिस्ती मनुष्याला दास म्हणून ठेवावे काय, आणि बाप्तिस्मा मिळालेला दास आपोआप मुक्त तर होत नाही ना? १६६७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून ही शंका फेडली. बाप्तिस्म्याने दासाच्या बंधनात कोणताही फरक पडत नाही, असे त्यांनी ठरविले. आणि कारण असे दिले की, आता मालकांची भीती दूर झाल्याने ते धर्मप्रसारास अधिक उत्साहाने हातभार लावतील! सुवार्तेच्या प्रसारासाठी सुवार्तेतील जीव काढून घेणारा याहून विलक्षण कायदा आमच्या वाचनात नाही. पौलाने गलतीकरांस जे लिहिले, त्यातील दास व स्वतंत्र हा शब्दप्रयोग त्या विधिमंडळातील सभासदांनी देवळात अनेकदा ऐकला असेलच.

या कायद्याची फळे उपासनेतही दिसली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज या मेथॉडिस्ट देवळात अ‍ॅब्सलम जोन्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ गुडघे टेकून प्रार्थना करीत असताना, त्यांना ठरवून दिलेल्या जागेवर जाण्यासाठी प्रार्थना चालू असतानाच उठविण्याचा प्रयत्न झाला. जोन्स, रिचर्ड अ‍ॅलन व त्यांचे सोबती ते देऊळ सोडून बाहेर पडले. अ‍ॅलन यांच्या नेतृत्वाखाली १८१६ मध्ये आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल ही स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. गोऱ्या मेथॉडिस्टांचीही पुढे दोन शकले झाली. जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे दास असल्यावरून १८४४ च्या परिषदेत वाद पेटला आणि दक्षिणेकडील मंडळ्या वेगळ्या झाल्या.

बेळगावास आले ते उत्तरेकडील मेथॉडिस्ट, दास्याला विरोध करणाऱ्यांच्या बाजूचे. ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे. मेरीलँडमध्ये दास्यात जन्मलेल्या अमँडा स्मिथ या मेथॉडिस्ट सुवार्तिक बाईंनी १८७९ पासून सुमारे दोन वर्षे हिंदुस्थानात प्रवचने केली, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु १९३९ साली उत्तर व दक्षिण यांचे पुन्हा ऐक्य झाले, ते कोणत्या अटीवर? अमेरिकेतील गोऱ्या मंडळ्यांचे विभाग प्रदेशांनुसार पाडण्यात आले. आणि कृष्णवर्णीयांच्या बहुतेक मंडळ्या, त्या कोणत्याही प्रदेशातील असोत, केवळ वर्णावरून एका निराळ्या विभागात घालण्यात आल्या. हा विभाग १९६८ पर्यंत राहिला. त्या काळात आपल्याकडील मेथॉडिस्ट मंडळ्या याच जागतिक मंडळीच्या अंगभूत होत्या. भारतातील मेथॉडिस्ट मंडळी स्वायत्त झाली ती १९८१ मध्ये. म्हणजे बेळगावातील जो भाविक जातिभेदाविरुद्ध प्रवचन ऐकत होता, त्याच्या मंडळीच्या घटनेतच ती तीस वर्षे वर्णभेद लिहिलेला होता. बेननस्मिथ शाळेत शिकलेल्या किती जणांना हे कोणी सांगितले असेल?

मराठी माणसाने मात्र अमेरिकेकडे फार पूर्वीपासून लक्ष ठेवले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो दास्य नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतील उरलेल्या संघीय सैन्याचा आधार काढून घेण्यात आला आणि मुक्त झालेल्यांचे हक्क एकामागून एक हिरावले जाऊ लागले. जोतीरावांनी जिचा गौरव केला ती मुक्ती अर्ध्यावरच थांबली.

ही अर्धी मुक्ती डॉ. आंबेडकरांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला राहून जवळून पाहिली. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीस भरलेल्या अस्पृश्यवर्गाच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. तंबाखूच्या या पेठेत जमलेल्या लोकांपुढे कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला मनुष्य उभा होता, हे आपण लक्षात घेत नाही. तुलना करताना त्यांनी विवेक सोडला नाही. जात म्हणजे वंश हे मत त्यांनी १९१६ च्या निबंधापासून नाकारले. पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, असे त्यांनी १९३६ मध्ये स्पष्ट मांडले. असे असूनही १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निवेदनाची प्रत मागविली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी १८६६ व १८७५ च्या अमेरिकन नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. यांतील दुसरा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्येच रद्दबातल ठरविला होता. तेथे जो कायदा टिकला नाही, तोच येथे संविधानाच्या पायातच बसवावा, असा त्यांचा हेतू दिसतो.

आमच्या मते सीमाभाग हा डॉ. आंबेडकरांच्या या विवेकाचा चांगला पुरावा आहे. येथे भाषा गावागणिक बदलते आणि १९५६ पासून तिच्यावरून किती कटुता माजली हे वाचकांस सांगावयास नको. परंतु मराठी गावाबाहेर महारवाडा आहे आणि कानडी गावाबाहेर होलगेरी आहे. वर्ण एक, वंश एक, भाषा वेगळ्या. तरी वस्तीची जागा तीच. अमेरिकेत कातडीच्या रंगाने जे केले ते येथे शिवारातील एका रेषेने केले.

आता बाप्तिस्म्याकडे पुन्हा येऊ. आपल्याकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती लोकांचा झाला नाही. व्हर्जिनियाचा कायदा म्हणाला, बाप्तिस्म्याने काहीच बदलत नाही. आपला आदेश म्हणतो, बाप्तिस्म्याने सर्व काही बदलले. दोन्हींत तोटा बाप्तिस्मा घेणाऱ्याचाच झाला.

पण या दुसऱ्या विधानाला साक्षी आम्ही स्वतः आहोत, ही खरी अडचण आहे. मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराच्या अर्जावर १९८५ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जातीमुळे सोसावी लागणारी अपात्रता नव्या धर्मसमाजातही तितक्याच जाचकपणे टिकून आहे हे दाखवून द्यावयास हवे. ते दाखवावयाचे तर, मंडळीत जात जिवंत आहे असे आपल्याला लिहून द्यावे लागते. आणि प्रवचनात तर आपण तिचा मृत्यू जाहीर करून चुकलो आहोत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांत जातिभेद तत्काळ व कायमचा सोडावा असा आदेश काढला, तेव्हा तंजावरकडील पुष्कळ ख्रिस्ती मंडळी सोडून गेले. त्यांनी निदान आपले उत्तर उघडपणे दिले. आपल्याकडे उत्तर विवाह जमविताना दिले जाते, आणि ते कॅटेकिस्टाइतके कोणालाच ठाऊक नसते. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या प्रत्येक मंडळीच्या कपाटात आहेत. गेल्या पन्नास वर्षांत कोणत्या घराण्याची सोयरीक कोणत्या घराण्याशी झाली, हे त्यांतून काढावयास एका पाळकाला दोन-चार संध्याकाळी पुरतील.