तौबा केलेला कवी आणि शाळेतले बाक

खुलताबादला माणसं येतात ती बहुतेक दोन ठिकाणांसाठी. एक भद्रा मारुती आणि दुसरी औरंगजेबाची कबर. याच गावात अमीर हसन सिज्झी या फारसी कवीचीही कबर आहे, पण तिकडे त्या मानाने कमी लोक वळतात.

हसन दिल्लीचा, अमीर खुसरोचा मित्र. त्याच्याबद्दल एक दंतकथा सांगतात. तो मित्रांसोबत दारू पीत बसला होता, तेवढ्यात निजामुद्दीन औलियांची गाठ पडली आणि उतारवयात त्याने दारू सोडून तौबा केली. गोष्ट खरी असो की रचलेली, पुढचं मात्र कागदावर आहे. 1308 ते 1322 या काळात हसन औलियांच्या बैठकींना जात राहिला आणि ऐकलेलं लिहून ठेवत गेला. 188 बैठकींची ती नोंद म्हणजे ‘फवाइद-उल-फुआद’. पहिल्याच बैठकीत विषय निघाला तो चुकून परत फिरलेल्या माणसाचा. आयुष्यात कधी दारूला न शिवलेला माणूस आणि पिऊन तौबा केलेला माणूस, दोघांची पायरी एकच, असा त्या बोलण्याचा आशय होता. पुढे मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादला हलवली. त्या लोंढ्यात हसनही दख्खनला आला आणि इथेच गेला.

मला हा हसन नीट कळला तो मामांमुळे. मामांना दारू सोडायची होती. घरात शपथा झाल्या, देवाला नारळ झाले, रडारडही झाली. एक दिवस तेच म्हणाले, “उपदेश नको रे बाबा. माझ्यासारखा कुणीतरी भेटव, ज्याची सुटलीय.”

अगदी हाच शोध 1935च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एका माणसाने घेतला होता. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस. दारू सोडून काही महिने झाले होते. कामाचा सौदा फिसकटला. तो हॉटेलात एकटाच होता आणि बाजूच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्याने बारकडे न जाता फोन उचलला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला दुसरा एखादा दारुडा हवा होता, बोलायला. शेवटी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा मिनिटंच देईन. बोलणं काही तास चाललं. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935ला. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा, म्हणजे एएचा जन्मदिवस मानतात. 1957 साली मुंबईतही एए सुरू झालं.

हसनच्या बैठकीचा आणि ॲक्रनच्या या भेटीचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोन्हीकडे पडलेल्या माणसाला खाली बसवून वरून कुणी बोलत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या राज्याने दारूवर कायदे पुष्कळ केले. 1949चा दारूबंदी कायदा आहे, बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडायची ‘आडवी बाटली’ आहे. त्याने दुकान बंद होतं. घरी परतलेल्या माणसाने संध्याकाळी सात वाजता काय करायचं, हे कायदा सांगू शकत नाही.

ते काम माणसांनीच उचललं. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. सुरुवात झाली ती गर्दच्या व्यसनापासून. उपचार संपल्यावर माणूस एकटा पडू नये म्हणून पाठपुराव्याच्या बैठका तिथे महत्त्वाच्या मानतात.

मामांना घेऊन मी शहरातल्या एका मीटिंगला गेलो. एका शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यात गुडघे मुडपून बसलेली मोठी माणसं. आडनाव कुणी विचारलं नाही. फी नाही. शेवटी एक डबा फिरला, ज्याला जमेल त्याने टाकावं. ती ‘ओपन’ मीटिंग होती म्हणून मलाही बसता आलं. ‘क्लोज्ड’ला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे तेच बसतात. एकेक जण उठून आपलं सांगत होता. मध्ये कुणी तोडलं नाही, सल्ला दिला नाही. मामा त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. कुणी आग्रहही केला नाही. निघताना एकाने एवढंच म्हटलं, “आजचा दिवस गेला ना? उद्याचं उद्या बघू.”

तुमच्या घरात कुणी असेल तर एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. रोज खूप पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. आणि घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ या नावाने वेगळे गट चालतात, 1951पासून. पिणाऱ्याइतकंच घरच्यांनाही बोलायला माणूस लागतं.

मामा मध्ये एकदा घसरले. आठवडाभर तोंड लपवून बसले, मग पुन्हा शहराच्या एसटीत चढले. वर्गात त्यांच्यासाठी बाकावर जागा करून दिली गेली आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले.